जाहिरात आणि मासिकाच्या पानाचं डिझाइन : सोलापुरात सारखे विचारले जाणारे प्रश्न

नवी पेठेत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम करतो. दुकानांच्या जाहिराती, दिवाळी अंक, कॉलेजचे वार्षिकांक, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसात फ्लेक्स, असं सगळं. फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतात, कधी दुकानदारांचे, कधी वार्षिकांक करणाऱ्या पोरापोरींचे, कधी नुकतंच कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) शिकलेल्यांचे. ते इथं एकत्र केलेत, जमेल तितकं विचारणाऱ्याच्याच शब्दात. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून मधेमधे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तिथं जाऊन बघा.

१. डिझाइनचे घटक घटक म्हणतात ते नेमके कोणते?

रेघ, आकार, रंग, गडद-फिकट छटा, पोत, लहानमोठेपणा आणि जागा. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसला असाल तर हे सगळे ओळखीचेच आहेत. जाहिरातीत आणि मासिकात यात अक्षराची भर पडते, आणि अक्षर तर वाचायच्या आधी नजरेला आकार म्हणूनच दिसतं. हे सगळे घटक एकाच कामाला जुंपायचे असतात, बघणाऱ्याला आधी काय दिसायला हवं आणि मग काय. हे ठरवल्याशिवाय रंग निवडायला बसलात तर तासभर रंगच बदलत बसता, माझ्याकडं रोज कुणीतरी तसं अडकून येतं.

२. एवढ्याशा जाहिरातीत माणसाची नजर आधी कुठं जाते?

जिथं आजूबाजूपेक्षा सगळ्यात जास्त फरक आहे तिथं. सगळं बारीक असेल तर एक मोठं अक्षर, सगळं काळं-पांढरं असेल तर एक लाल ठिपका, सगळा मजकूर असेल तर एक चेहरा. चेहऱ्याकडं तर नजर जातेच जाते. त्यानंतर आपण मराठी डावीकडून उजवीकडं आणि वरून खाली वाचतो म्हणून नजर साधारण त्याच वाटेनं उतरते आणि खाली उजव्या कोपऱ्यात येऊन थांबते, म्हणून पत्ता आणि फोन नंबर तिथं ठेवायची पद्धत पडलीय.

तपासायचा सोपा उपाय म्हणजे प्रिंट काढून भिंतीला लावा, चार पावलं मागं जा आणि डोळे किलकिले करा. सगळं धूसर झाल्यावरही जे उठून दिसतंय तेच लोकांना पहिलं दिसणार. तिथं तुमच्या मालाऐवजी कोपऱ्यातला 'ऑफर'चा तारा दिसत असेल तर बाकीची मेहनत त्या ताऱ्यानं खाल्ली.

३. चौकट आणि रेघा घातल्या की जाहिरात नीटनेटकी दिसते ना?

थोड्या घातल्या तर. रेघ दोन कामं करते, वेगळं करते आणि दिशा दाखवते. आडवी रेघ शांत वाटते, तिरकी धावती वाटते, आणि उभी रेघ नजर वर ओढते. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक बघितलीय ना, एवढ्या गर्दीत, एवढ्या रंगात पण नजर आपोआप त्या उंच काठ्यांवरून वर जाते, तेच उभ्या रेघेचं बळ.

पेपरातल्या छोट्या जाहिरातीला चौकट पाहिजेच, कारण शेजारी दुसऱ्याची जाहिरात चिकटून असते. पण आतमधे परत प्रत्येक गोष्टीला चौकट घातली की पान म्हणजे खिडक्यांची चाळ होते. दोन गोष्टी वेगळ्या दाखवायला बहुतेक वेळा मधे जागा सोडली तरी पुरतं, त्याबद्दल प्रश्न ४ बघा. आणि फार बारीक रेघ देऊ नका, ०.२५ पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) खाली गेलात की स्क्रीनवर दिसते पण छपाईत तुटते किंवा गायब होते.

४. पत्ता, फोन, वेळ सगळं लिहिलंय तरी गिऱ्हाइकं फोन करून परत पत्ताच विचारतात, असं का?

कारण ते विखुरलंय. जवळजवळ ठेवलेल्या गोष्टी आपल्याला एका घरच्या वाटतात आणि लांब ठेवलेल्या परक्या. मॅक्स वर्दायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२३ साली हे ठिपक्यांच्या रांगा काढून दाखवलं होतं, ठिपके तेच, फक्त अंतर बदललं की डोळा त्यांच्या जोड्या वेगळ्या लावतो. दुकानाचं नाव वर, पत्ता खाली, 'टिळक चौकाजवळ' ही खूण तिसरीकडं आणि वेळ चौथीकडं असं असेल तर वाचणाऱ्याला गोळा करत बसायला लागतं, आणि तो कशाला गोळा करेल? नाव, पत्ता, खूण, फोन एकाला एक लावून ठेवा आणि त्या गठ्ठ्याच्या भोवती मोकळी जागा सोडा. चौकटीची गरज पडत नाही.

५. रिकामी जागा सोडली की मालक म्हणतात पैसे वाया चालले. काय सांगायचं त्यांना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. "अजून जागा मोकळी हाय की, काय तर टाक की तिथं." मालकाचं पण चुकत नाही, पेपरात जाहिरात चौरस सेंटिमीटरवर मोजून घेतात, त्यानं प्रत्येक सेंटिमीटरचे पैसे दिलेत. त्याला सांगायचं की मोकळी जागा पण तुम्ही विकतच घेतलीय आणि ती काम करतीय, शेजारच्या जाहिरातीला लांब ढकलायचं आणि तुमच्या मालाकडं बोट दाखवायचं.

१९५९ साली अमेरिकेत फोक्सवॅगनच्या छोट्या गाडीची जाहिरात आली, डॉयल डेन बर्नबाक या एजन्सीची, मांडणी हेल्मुट क्रोनची. मासिकाचं पान जवळजवळ सगळं रिकामं आणि त्यात एवढीशी गाडी. त्या काळात बाकीचे गाडी पानभर दाखवायचे. इथं गाडी लहान आहे हीच तर सांगायची गोष्ट होती आणि ती रिकाम्या जागेनं सांगितली. जागेचा असा अर्थ लावता आला पाहिजे.

आपल्याकडचं उदाहरण सांगतो. चादरीच्या एका दुकानाची दिवाळी अंकातली अर्ध्या पानाची जाहिरात होती. मालकांनी ११ फोटो दिले, चादर, टॉवेल, नॅपकिन, सोफा कव्हर, सगळं. मी दोन नमुने करून दिले, एकात अकराच्या अकरा फोटो बसवले आणि दुसऱ्यात एकच घडी घातलेली चादर, मोराच्या नक्षीची, डाव्या कडेला, घडीच्या कडेनं सुटलेले धागे दिसतायत इतकी जवळून, उजवीकडं नाव आणि दोन ओळी, बाकी पांढरं. दोन्ही कागद त्यांच्या काउंटरवर ठेवले आणि दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला नुसतं दाखवा म्हटलं, काही विचारू नका, हात कुठल्या कागदाकडं जातो एवढंच बघा. संध्याकाळी त्यांनीच फोन केला, दुसरा छापा म्हणून. वाद घालण्यापेक्षा हे बरं.

एक मात्र लक्षात ठेवा, मोकळी जागा कडेला किंवा एका बाजूला गोळा झालेली पाहिजे. घटकांच्या मधेमधे सगळीकडं थोडीथोडी शिल्लक राहिली तर ती जागा उरलेली दिसते, सोडलेली दिसत नाही.

६. जाहिरातीत किती रंग वापरायचे? लाल-पिवळं म्हणजे हमखास का?

एक मुख्य, एक जोडीला, आणि मजकुराचा काळा. एवढ्यात बहुतेक कामं होतात. पिवळ्यावर काळं लांबून चांगलं वाचता येतं हे खरं, पण सात रस्ता चौकात उभं राहिलात तर सगळेच फ्लेक्स लाल-पिवळे, मग तुमचा त्यात हरवतोच.

लोक रंगाचं नाव बघतात, मी आधी गडद-फिकट बघतो. लाल पट्टीवर हिरवी अक्षरं डोळ्याला वेगळी वाटतात पण दोघांचा गडदपणा सारखा असेल तर कडा थरथरतात आणि वाचवत नाही. कळायला सोपं आहे, फाइलची काळी-पांढरी प्रिंट काढा. त्यात मजकूर वाचता आला तर रंगात पण येणार, त्यात गडप झाला तर रंग बदला.

आणि आपल्याकडचं ऊन लक्षात घ्या. जुने पोस्टर निळसर का दिसतात? पिवळी आणि गुलाबी शाई उन्हात आधी उडते, निळी आणि काळी मागं राहते. एप्रिल-मे काढायचा असेल तर ज्या शब्दाशिवाय भागणार नाही तो नुसत्या लाल रंगात कधीच ठेवू नका, कारण छपाईतला लाल म्हणजे गुलाबी आणि पिवळ्याचीच बेरीज.

७. मोबाइलवर झकास दिसणारा रंग छापल्यावर मेलेला का येतो?

मोबाइल उजेड फेकतो, कागद फक्त पडलेला उजेड परत करतो. स्क्रीनवर लाल-हिरवा-निळा उजेड मिसळून रंग होतो आणि छपाईत निळी, गुलाबी, पिवळी, काळी अशा चार शाया. पोपटी हिरवा, झगझगीत केशरी, विजेसारखा निळा हे स्क्रीनचे रंग या चार शायांत बसतच नाहीत. म्हणून फाइल सुरुवातीलाच सीएमवायकेमधे, म्हणजे या चार शायांच्या पद्धतीत काढा म्हणजे शेवटी धक्का बसत नाही. पेपरचा कागद तर शाई पिऊन पसरवतो, त्यामुळं तिथं फोटो थोडे उजळ करून द्या, नाहीतर चेहरे काळवंडतात. मालकाला रंग दाखवायचा असेल तर मोबाइलवर नको, प्रूफ काढून दाखवा.

८. मराठी मजकुराला कुठला फॉन्ट घेऊ? आणि मराठीची पानं इंग्रजीएवढी सुबक का दिसत नाहीत?

दिसतात की! पण इंग्रजीचे आकडे उचलून मराठीला लावले तर नाही दिसत. देवनागरी अक्षर वरखाली वाढतं. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, कधी जोडाक्षर उभं एकाखाली एक. म्हणून ओळींमधलं अंतर जास्त लागतं. ११ पॉइंटचा मजकूर असेल तर मी १६ ते १७ पॉइंटचं अंतर देतो, त्याच्या खाली गेलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो.

दुसरं, अक्षरं लांब लांब करू नका. इंग्रजी हेडिंगमधे अक्षरांत अंतर वाढवतात, छान दिसतं. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. शिरोरेषा हा शब्दाला बांधणारा दोरा आहे. हेडिंग पसरवायचंच असेल तर फॉन्ट मोठा घ्या किंवा शब्दांमधलं अंतर थोडं वाढवा. आणि माउसनं ओढून अक्षर आडवं ताणणं तर बंदच करा, उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच राहतात, अक्षर सुजल्यासारखं दिसतं.

तिसरं, अक्षराचं वळण. मराठी ल ला दोन्ही बाजूंना दोन वाट्या असतात, हिंदी ल ला उजवीकडं उभा काना असतो, श चं पण तसंच वेगळं. फुकट फॉन्टांत बऱ्याच वेळा हिंदी वळण येतं. वाचता येतं, पण दिवाळी अंकाच्या पानावर मला ते खटकतं. त्याहून महत्त्वाचा अर्धा र. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द वेगळे आहेत, एक गुरुजी आणि एक स्वयंपाकी. केटरिंगची जाहिरात असेल आणि फॉन्टला हा र येत नसेल तर घोटाळा छापून निघतो. फॉन्ट निवडायच्या आधी एक ओळ टाइप करून बघा ज्यात ऱ्य, ऱ्ह, द्ध, क्ष, ट्र, ळ, अॅ, ऑ सगळं आहे.

मोठ्या मजकुराला टिरो देवनागरी मराठी चांगला वाटतो, माहितीपत्रकाला मुक्ता, जाड हेडिंगला बलू. तिन्ही युनिकोड आहेत आणि फुकट मिळतात. श्री-लिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांच्या फाइली अजून पुष्कळ प्रेसमधे चालतात, त्या वाईट नाहीत, पण तो मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की भलतीच अक्षरं दिसतात, म्हणून देताना कर्व्ह करून (अक्षरांचं चित्र करून) किंवा पीडीएफ करूनच द्या.

९. इंग्रजीत जोर द्यायला कॅपिटल करतात, मराठीत काय करायचं?

आपल्याकडं कॅपिटल नाही आणि तिरकं अक्षर पण मुळात आपल्या वळणाचं नाही, सॉफ्टवेअरनं ढकलून तिरकं केलेलं ते पडल्यासारखं दिसतं. मग उरतं काय, तर ठळक, मोठं, रंग आणि जागा. एका वेळी एकच वापरा. शब्द ठळक केला की तो मोठा आणि लाल आणि अधोरेखित करायची गरज नाही. अधोरेषेचा तर मराठीत त्रासच आहे, ती उकारातून जाते. आणि अति जाड फॉन्ट बारीक आकारात घेतला की 'द्ध', 'क्ष' यांची पोटं शाईनं भरून जातात, त्यामुळं ठळक करायचं तर अर्धा-एक पॉइंट मोठं पण करा.

१०. मासिकाचं ग्रिड म्हणजे काय? आखायलाच पाहिजे का?

सोलापूरच्या माणसाला हे समजवायला फार सोपं आहे. जॅकार्ड मागावरच्या चादरीची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर काढतात, एकेक चौकोन म्हणजे उभा धागा वर की आडवा. मोर कितीही वळणदार दिसला तरी तो चौकोनांवर बसलेला असतो, जवळून बघा, त्याच्या मानेच्या पायऱ्या दिसतात. पानाचं ग्रिड तसंच, वाचणाऱ्याला दिसत नाही पण सगळं त्यावर बसलेलं असतं.

ए-फोर पान २१० बाय २९७ मिलिमीटर. चारी बाजूंना समास, मग उभे रकाने, दोन रकान्यांमधे ५-६ मिलिमीटरची फट. २ रकाने केले तर ११ पॉइंटमधे ओळीत साधारण ८-९ शब्द येतात, कथा-लेखाला हे बरं. ३ रकाने केले तर ५-६ शब्द, बातम्या आणि सदरांना बरं, पण तिथं दोन्ही कडा सरळ करायला जाऊ नका, मराठी शब्द लांब असतात, ओळीत मोठमोठी भोकं पडतात. रकाने हे काही नवीन फॅड नाही, ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं तेव्हाच मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी रकान्यात होता, दोन भाषांचे वाचक एकाच पानावर सांभाळायचे होते.

वार्षिकांक करणाऱ्यांनी तर ग्रिड आखावंच, कारण पाच जण पाच मशीनवर पानं लावतात आणि अंक एका घरातला वाटायला पाहिजे. शेजारच्या रकान्यातल्या ओळी एका पातळीत येतायत का ते पण बघा. कागदाच्या मागून पुढची ओळ थोडी दिसते, दोन्ही बाजूंच्या ओळी एकावर एक आल्या की पान स्वच्छ दिसतं.

११. सगळं सेंटरला घेतलं की छान दिसतं, मग डावीकडं कशाला लावायचं?

लग्नपत्रिका, मानपत्र, उद्घाटनाचं निमंत्रण, यांना सेंटर शोभतं, तिथं ओळी थोड्या असतात आणि थाट पाहिजे असतो. पण सहा-सात ओळींच्या वर गेलं की प्रत्येक ओळ वेगळ्या ठिकाणी सुरू होते आणि डोळ्याला दर वेळी सुरुवात शोधायला लागते. डावी कड सरळ ठेवली की ती स्वतःच एक न काढलेली रेघ होते आणि बाकीच्या गोष्टी तिला टेकवता येतात.

१२. मोजून बरोबर मधोमध ठेवलं तरी खाली घसरल्यासारखं का दिसतं?

मोजपट्टीचा मध्य आणि डोळ्याचा मध्य वेगळा असतो. डोळ्याचा थोडा वर. म्हणून मुखपृष्ठावरचं शीर्षक किंवा लोगो मधोमध ठेवायचा असेल तर किंचित वर सरकवा. गोलाचं पण असंच, चौकोन आणि गोल सारख्या उंचीचे काढले की गोल लहान वाटतो, त्याला थोडा वाढवायला लागतो. ठ किंवा ट सारखं गोल अक्षर आणि म सारखं चौकोनी अक्षर शेजारी आलं की चांगला फॉन्ट काढणारे हेच सांभाळत असतात. मोजून झालं की शेवटचा शब्द डोळ्याचाच.

१३. आमच्या टॉवेलचा फोटो सपाट येतो, मऊपणाच दिसत नाही. काय करू?

समोरून फ्लॅश मारताय म्हणून. पोत म्हणजे बारीक उंचवटे आणि त्यांच्या सावल्या, समोरून उजेड आला की सावल्याच पुसल्या जातात. टेरी टॉवेलवर धाग्याची वेटोळी असतात, त्यांना कडेनं उजेड पाहिजे. सकाळी खिडकीजवळ टेबल घ्या, टॉवेल असा ठेवा की ऊन आडवं घासून जाईल, घडीचा गोल भाग कॅमेऱ्याकडं. प्रत्येक वेटोळ्याच्या एका बाजूला उजेड आणि एका बाजूला सावली पडते आणि बघणाऱ्याचा हात आपोआप पुढं येतो.

१४. चादरीच्या फोटोत छापल्यावर लाटा लाटा दिसतात, मूळ चादरीत तर तसं काही नाही!

हे आपल्या गावात वारंवार होतं आणि लोक उगाच प्रेसशी भांडतात. छपाईतला फोटो बारीक ठिपक्यांच्या जाळीचा असतो, प्रत्येक शाईची जाळी वेगळ्या कोनात, काळी ४५ अंशात, गुलाबी ७५, निळी १५. चादरीची वीण पण एक जाळीच. दोन बारीक जाळ्या एकावर एक आल्या की तिसरीच नक्षी तयार होते, मच्छरदाणीची दुहेरी घडी उजेडात धरून बघा, तेच. कधी कधी ती कॅमेऱ्यातच तयार होते. फोटो काढताना अंतर बदला, थोडं जवळ जा किंवा चादर जराशी तिरकी करा, आणि मोबाइलवर फोटो पूर्ण मोठा करून तपासा. छापलेल्या जुन्या कॅटलॉगवरून फोटो स्कॅन केला तर हे होणारच, शक्यतो नवीन फोटो काढा.

१५. व्हॉट्सअॅपवरचा फोटो अंकात चालतो का?

चौकोनी छोट्या फोटोला चालेल, पानभर नाही. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ए-फोर पानाला २४८० बाय ३५०८. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो १६०० पिक्सेल लांबीचा असेल तर ३०० नं भागा, साडेपाच इंचाच्या आतच राहतो. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मूळ आकारात येतो.

चेहऱ्याचा फोटो लावताना नजर कुठं आहे ते बघा. माणूस उजवीकडं बघत असेल तर त्याला पानाच्या डावीकडं ठेवा म्हणजे तो मजकुराकडं बघतो आणि वाचणारा पण त्याच्या मागोमाग बघतो. पानाबाहेर बघणारा चेहरा वाचकाला पण पानाबाहेर नेतो. तसं जमत नाही म्हणून फोटो उलटा फिरवू नका, शर्टाची बटणं आणि मागच्या पाट्या उलट्या होतात, साडीचा पदर दुसऱ्या खांद्यावर जातो.

१६. कडेचा फोन नंबर कापला गेला, चूक कुणाची?

फाइलमधली. छापलेले कागद गठ्ठ्यानं कापतात, त्यात केसभर इकडंतिकडं होणारच. रंग किंवा फोटो कडेपर्यंत जाणार असेल तर तो कापायच्या रेषेच्या बाहेर ३ मिलिमीटर वाढवा, आणि वाचायचा मजकूर रेषेच्या आत निदान ५ मिलिमीटर ठेवा. मधे पिना मारलेला अंक असेल तर पानं ४ च्या पटीत लागतात, आणि जाड अंकात मधली पानं बाहेर सरकतात म्हणून तिथं कड अजून थोडी जास्त सोडा. दोन पानांवर पसरलेला फोटो असेल तर चेहरा मधल्या घडीत येऊ देऊ नका.

१७. काळा रंग काळाच असतो ना? मग अक्षरं धूसर का छापली?

बारीक मजकूर नुसत्या काळ्या शाईत पाहिजे, १०० टक्के काळा, बाकी तिन्ही शून्य. फोटोशॉपमधून किंवा वर्डमधून आलेला काळा बहुतेक वेळा चारही शायांचा असतो. सुरुवातीच्या वर्षात माझ्या एका दिवाळी अंकाची ८ पानं अशी गेली, चार शायांच्या चार प्लेटा केसभर सरकल्या आणि प्रत्येक वेलांटीला गुलाबी-निळी सावली आली. कवितांची पानं होती, वर्षभर त्या कवींसमोर जायला मला जड गेलं. तेव्हापासून प्रत्येक फाइल प्लेट वेगवेगळी करून बघतो. मोठा काळा पट्टा असेल तर मात्र उलटं, नुसता काळा राखाडी वाटतो, त्यात थोडी निळी मिसळली की दाट येतो.

१८. पेपरातलीच जाहिरात मोठी करून फ्लेक्सला दिली तर?

नको. पेपर हातात धरतात, फ्लेक्स गाडीवरून जाताना दोन-तीन सेकंद दिसतो. ढोबळ हिशेब असा, १० फूट अंतराला १ इंच उंचीचं अक्षर, म्हणजे १०० फुटावरून वाचायचं असेल तर १० इंच, आणि ही उंची मात्रा-वेलांटी सोडून धरायची. एक चित्र, एक नाव, एक ओळ. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, त्यांच्या पुढच्या चित्रांतल्या त्या जाड, ठाम रेघा बघितल्या की रस्त्यावरून वाचलं जाणारं चित्र कसं असतं ते मला त्यात दिसतं. अमूलची मुलगी पण बघा, १९६६ पासून तीच, जाड बाह्यरेषा, सपाट रंग, ठिपक्यांचा फ्रॉक, कितीही लांबून ओळखू येते.

१९. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही एकाच जाहिरातीत पाहिजेत. कसं बसवू?

आपल्या गावचा खास प्रश्न. पहिली गोष्ट, तिन्हीला एकच पॉइंट साइज देऊन चालत नाही. तेलुगू आणि कन्नड गोलाकार, त्यांना सलग शिरोरेषा नाही, मराठी वरून बांधलेली. आकडा सारखा ठेवला तरी कुठली तरी एक भाषा बारीक दिसते आणि त्या लोकांना वाटतं आपल्याला मागं ठेवलं. डोळ्यानं सारख्या दिसेपर्यंत वाढवा, जाडी पण जुळवा. दुसरी गोष्ट, भाषा ओळीआड मिसळू नका, प्रत्येकीचा वेगळा गठ्ठा करा, प्रश्न ४ मधलं जवळ-लांबचं सूत्र इथं पण लागू. दुकानाचं नाव तिन्ही लिप्यांत आणि फोन नंबर एकदाच. आणि ती भाषा वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय छापू नका, कॉपी-पेस्टमधे जोडाक्षरं मोडलेली आपल्याला कळतच नाहीत.

२०. तुम्ही जागा सोडा म्हणता, पण गच्च भरलेल्या सेलच्या जाहिराती चालतातच की?

चालतात, आणि बरोबर चालतात. तिथं सांगायचंच हे असतं की माल भरपूर आहे, भाव वेगवेगळे आहेत, या आणि हुडका. गड्ड्यातल्या दुकानासारखं, गर्दी हेच आकर्षण. पण चांगली गच्च जाहिरात नीट बघा, सगळे फोटो एका मापाचे, भावाचे आकडे एकाच जागी, एकाच रंगात, खाली ग्रिड पक्कं. शेंगा चटणी, कडक भाकरी, पापड, लोणचं असे २० पदार्थ असतील तर २० सारखे चौकोन करा आणि एकच दुप्पट मोठा. सगळेच मोठे केले तर कुठलाच मोठा राहत नाही. दागिने, दवाखाना, शिकवणी यांना मात्र ही गर्दी शोभत नाही, तिथं प्रश्न ५ चा मार्ग धरा.

२१. पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत ४० नावं आहेत, घरचे म्हणतात एक पण गाळायचं नाही. अक्षर बारीक करू का?

नावं गाळू नका आणि बारीक पण करू नका. बाकी सगळ्या जाहिरातींत मी मजकूर कमी करा म्हणतो, इथं म्हणत नाही, कारण इथं नाव हाच मजकूर आहे. प्रत्येक नावामागं एक माणूस आहे जो सकाळी पेपर उघडून स्वतःचं नाव शोधणार.

जागा दुसरीकडून काढा. फुलांच्या वेली, समईचं तयार चित्र, ढगांची पार्श्वभूमी, दोन कडव्यांची कविता, यातलं काय काढता येतं ते घरच्यांना शांतपणे विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. फोटो वर, चेहरा स्वच्छ, जुना फोटो असेल तर फार गुळगुळीत करू नका, चेहऱ्यावरच्या रेषा राहू द्या, घरच्यांना त्याच ओळखीच्या असतात. खाली नाव आणि तारखा, मग थोडी जागा, मग ३ रकाने आणि सगळी नावं एकाच मापात, घरच्यांनी दिलेल्या क्रमानं. शेवटची नावं बसत नाहीत म्हणून तेवढीच बारीक केलेली मी बघितलीत, तसं कधीच करू नका, ओळींमधलं अंतर सगळीकडं सारखं थोडं कमी करा. चौकट एकच, बारीक, काळी.

आणि प्रूफ नुसतं मोबाइलवर पाठवून थांबू नका. अशा दिवसात घरचे लोक नीट बघत नाहीत, ठीक आहे म्हणून कळवतात. एकाला फोन लावा आणि एकेक नाव मोठ्यानं वाचून दाखवा, वेलांटी-उकार विचारत, आणि मगच फाइल सोडा.